कळसूबाईला पहिल्यांदाच जाताय? मग प्लॅन माथ्यापासून सुरू करा

पाऊस ओसरायला लागला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, कळसूबाई करायचंय, कधी जाऊ, काय घेऊ, जमेल का मला. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. ज्यांनी आजवर एकही डोंगर चढलेला नाही त्यांच्यासाठी हे आहे, म्हणून बारीकसारीक गोष्टीही सांगतोय.

आधी कुठे जाताय ते समजून घ्या. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आणि नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या हद्दीला लागून. पायथ्याचं गाव बारी, तिथून चढाई साधारण साडेआठशे ते नऊशे मीटरची. आता एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, हा किल्ला नाहीये. हरिश्चंद्रगडावर पाऊस आला तर गुहेत बसता येतं, इथे वर गुहा नाही, तटबंदी नाही, झाड नाही. एक लहानसं देऊळ आणि चारी बाजूंनी उघडा कातळ. आजूबाजूला कित्येक किलोमीटर यापेक्षा उंच काहीच नाही, त्यामुळे वारा, ऊन, वीज, जे काय येतं ते थेट तुमच्यावर येतं.

म्हणून माझं पहिल्यापासून एकच सांगणं असतं, प्लॅन घरापासून सुरू करू नका, माथ्यापासून उलटा करत या. बहुतेक लोक काय करतात, सकाळी सहाला निघू, घोटीला मिसळ खाऊ, दहा-साडेदहाला बारीत पोचू मग चढू. म्हणजे वर पोचायला दुपारचे अडीच-तीन, उतरताना अंधार, आणि ऑक्टोबरमध्ये ढग जमतात तेही नेमके त्याच वेळेला. त्याऐवजी आधी ठरवा की वर किती वाजता असायला हवं, आणि मग मागे मागे या.

महिना कोणता

नवख्या माणसाला मी सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य एवढाच काळ सुचवतो. पावसाचा जोर गेलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं पण ते अंगावर येत नाही, उतार सोनकीच्या फुलांनी पिवळेधमक झालेले असतात आणि हवा स्वच्छ असली की लांबचं दिसतं. कातळ अजून थोडा ओला असू शकतो, पण जुलैसारखं बुळबुळीत शेवाळ नसतं.

डिसेंबर-जानेवारीही छान, फक्त थंडी खरंच असते, पहाटे वर वाऱ्यात उभं राहिलं की बोटं वळत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन तापायला लागतं, आणि वाटेवर सावली फार कमी आहे हे लक्षात ठेवा, एप्रिल-मेमध्ये लोक रात्री चढतात ते त्यासाठीच. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे बघायला प्रचंड गर्दी लोटते, त्याला जोडून कळसूबाई करू नका, गाड्यांच्या रांगेतच रात्र जाईल आणि पूर्वमोसमी विजांचा काळही तोच.

जून ते ऑगस्ट, ज्या दिवसांतले फोटो बघून सगळ्यांना जावंसं वाटतं, ते पहिल्या खेपेला टाळाच. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, शिड्या ओल्या, वारा असा की माणूस एका बाजूला ढकलला जातो, आणि शनिवार-रविवारी शिडीखाली रांग लागते, तास-तास पावसात उभं राहायचं. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात प्रशासन बंदीही घालतं, ती मोडून जाऊ नका, तुम्हाला काही झालं तर शोधायला गावातल्याच पोरांना जावं लागतं.

नवरात्रात वर देवीची यात्रा असते. वातावरण फार सुंदर असतं, आजूबाजूच्या गावांतल्या म्हाताऱ्या बाया अनवाणी झपझप चढताना दिसतात. पण गर्दी असते, त्यामुळे देवीच्या ओढीने जाणार असाल तर जरूर जा, शांतपणे डोंगर अनुभवायचा असेल तर तेवढे नऊ दिवस सोडून जा. शक्य असेल तर मधल्या वारी रजा टाका, एका रजेत मिळणारा कळसूबाई आणि रविवारचा कळसूबाई यांत खूप फरक आहे.

तब्येतीची तयारी, निदान तीन आठवडे

नऊशे मीटर म्हणजे किती याचा अंदाज येत नाही म्हणून हिशोब सांगतो. बिल्डिंगचा एक मजला धरा तीन मीटर, म्हणजे तीनशे मजले. दहा मजली बिल्डिंग तीस वेळा. घाबरू नका, सलग तीन-चार तासांत करायचंय आणि मध्ये थांबायचंय. पण लिफ्टनेच जाणाऱ्या माणसाने थेट जाऊन हे केलं तर मांड्यांत गोळे येणारच. रोज जिने चढा, आठवड्यातून दोनदा पाठीवर चार-पाच किलोची सॅक घेऊन चढा, आणि उतरायचंही पायांनीच, लिफ्टने नाही, कारण गुडघे बोलतात ते उतरताना. जायच्या आधीच्या रविवारी एक छोटा डोंगर करा. पुणेकर असाल तर आतकरवाडीतून सिंहगड, तो दीड-पावणेदोन तासांत चढून दुसऱ्या दिवशी ऑफिसला नीट जाता आलं तर कळसूबाई होईल. मुंबईकरांनी कर्नाळा करून बघा.

बीपी, दमा, हृदयाचा त्रास, गुडघ्याचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. विरळ हवेचा त्रास होईल का असंही विचारतात, तर नाही, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. इथे धाप लागते ती चढामुळे.

वेळेचं गणित

नवखा माणूस तासाला अडीचशे ते तीनशे मीटर उंची चढतो असं धरा. म्हणजे थांबत-बिंबत साडेतीन तास, ग्रुप मोठा असेल तर चार. उतरायला अडीच. वर पाऊण तास. झाले पावणेसात ते सव्वासात तास. आता उलटं मोजा. माथा दहाच्या सुमारास गाठायचा म्हणजे बारीतून सहाला पाऊल टाकायचं, म्हणजे पाच-साडेपाचला उठायचं, म्हणजे आदल्या रात्री बारीतच मुक्काम. हे जमत नसेल आणि मुंबई-पुण्याहून रात्रभर गाडी चालवून थेट चढणार असाल तर किमान ड्रायव्हर चढणारा नको, किंवा त्याला झोपू द्या.

आणि एक वेळ आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा, बारा वाजले की जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर समोर दिसत असलं तरी. ही गोष्ट घरी बसून ठरवायची असते, वर गेल्यावर कुणाचंच मन तयार होत नाही, आता एवढं आलोच आहोत तर, असं होतं, आणि बहुतेक गडबडी त्या ‘आलोच आहोत’मधूनच होतात.

कसं पोचायचं

मुंबईहून कसारा लोकल किंवा इगतपुरीला थांबणारी एक्सप्रेस, पुढे जीप किंवा एसटीने घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्यावर बारी, साधारण पंचवीस किलोमीटर. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत येता येतं. नाशिककरांना तर सगळ्यात जवळ. एसटीच्या वेळा बदलत असतात म्हणून जायच्या आदल्या दिवशी डेपोत विचारा, आणि परतीची शेवटची गाडी कधी आहे हे उतरल्याबरोबर बारीतच विचारून घ्या. गावात बऱ्याच घरांत जेवणाची आणि झोपायची सोय होते, पिठलं-भाकरी, ठेचा, गरम भात. फोन करून किती जण येणार ते आधी सांगा आणि तेवढेच जा, त्यांनी रात्री जागून स्वयंपाक केलेला असतो. सुटे पैसे ठेवा, रेंज गेली की यूपीआय चालत नाही.

इंदोरे गावाच्या बाजूनेही वर यायला वाट आहे पण ती नवख्यांची नाही. पहिल्यांदा बारीच.

सॅकेत काय

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत टपऱ्यांवर लिंबू सरबत मिळतं आणि माथ्याच्या थोडं खाली विहीर आहे, पण मधल्या वारी सगळ्या टपऱ्या उघड्या असतीलच असं नाही आणि उन्हाळ्यात विहिरीवर भरवसा ठेवायचा नाही. ओआरएसची दोन पाकिटं. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, ठेपले, म्हणजे जे चालता चालता तोंडात टाकता येईल ते. हातात पिशव्या घेऊन चढू नका, माकडं आहेत, आणि शिडीवर दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

बूट चांगल्या खाचांचे, ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालतायत आणि महागही नाहीत. नवे कोरे घालून येऊ नका, आठवडाभर वापरून मग या. जीन्स अजिबात नको. ओली झाली की जड होते, वाळत नाही, पाय उचलताना गुडघ्याला ओढते. सुकणारी ट्रॅक पँट, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, टोपी. शिट्टी, टॉर्च आणि त्याचे जास्तीचे सेल, मोबाइलची टॉर्च ही टॉर्च नव्हे. क्रेप बँडेज, डेटॉल, रोजची औषधं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक कोरडा टीशर्ट आणि एक वाऱ्याचं जॅकेट, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या तळाला. ऊन पडलेलं असलं तरी. का ते सांगतो. उंची वाढते तसं तापमान किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे बारीपेक्षा माथ्यावर पाच-सहा अंश कमी. एवढं काही वाटत नाही. पण तुम्ही घामाने निथळत वर पोचता आणि माथ्यावर वारा सुरू असतो, ओल्या कपड्यावरचा वारा अंगातली उष्णता भराभर ओढून घेतो.

माझा मावसभाऊ, तेव्हा कॉलेजात होता, त्याला मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला घेऊन गेलो होतो. शेवटच्या तासाला एक सर आली, दहा मिनिटांची असेल, सगळे भिजलो आणि हसत-खिदळत वर गेलो. वर वारा होता. दहा-पंधरा मिनिटांत तो एकदम गप्प झाला, बुटाची नाडी सुटलेली ती त्याला बांधता येईना, काय झालं विचारलं तर शब्द अडखळत होते. तो थकलाय असंच सगळ्यांना वाटत होतं. पण ही थंडी अंगात शिरल्याची खूण असते, बोटं काम करेनाशी होणं, बोलणं जड होणं, थरथरणं आणि मग माणूस उगाच हट्टी किंवा सुस्त होणं. त्याला लगेच खाली विहिरीजवळच्या सपाटीवर आणलं, टपरीच्या आडोशाला ओला शर्ट काढून माझा कोरडा चढवला, टपरीवाल्या मावशींनी न विचारता आपली गोधडी दिली आणि गरम चहात भरपूर साखर घालून तो पाजला. अर्ध्या तासाने गडी माणसात आला. तेव्हापासून माझ्या ग्रुपमध्ये कोरड्या शर्टाशिवाय मी कुणाला पहिली पायरी चढू देत नाही.

वीज

यावर थोडं जास्त लिहितो कारण पावसाला जेवढं लोक घाबरतात तेवढं विजेला घाबरत नाहीत. ऑक्टोबरमध्ये सकाळ निरभ्र असते, दुपारी ढग फुलकोबीसारखे वर वर चढायला लागतात आणि तीन-चारला गडगडाट. आणि कळसूबाईवर लोखंडी शिड्या आहेत, लोखंडी रेलिंग आहे, साखळ्या आहेत, आणि महाराष्ट्रातला सगळ्यात उंच बिंदू आहे. विजेला आणखी काय पाहिजे.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्ह्याचा इशारा बघा, ऑरेंज किंवा रेड असेल तर जाऊच नका, यलो असेल आणि विजांचा उल्लेख असेल तर नवख्यांनी पुढच्या आठवड्यात जावं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं दामिनी ॲप घ्या, आसपास कुठे वीज पडतेय ते दाखवतं, पण रेंज असली तरच, त्यामुळे डोळे आणि कान हेच खरं. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, तिथूनच उतरायला लागा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही.

माथ्यावर असताना गडगडलं तर देवळात घुसू नका, तो आडोसा पावसापासून आहे, विजेपासून नाही. पत्र्याची टपरी तशीच. शिडी मोकळी असेल तर भराभर पण एकेक करत उतरा, सोंडेवरून खालच्या बाजूला या, रेलिंग आणि साखळी सोडून लांब उभे राहा, काठ्या खाली ठेवा, एकमेकांत अंतर ठेवा, एकट्या झाडाखाली नको. अगदीच अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

प्रत्यक्ष वाट

बारीत वनखात्याची नोंद आणि प्रवेश फी, कारण हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. स्पीकर, ड्रोन, शेकोट्या नकोत. गाव सोडलं की भातखाचरं आणि ओढा. ओढ्याला गढूळ आणि गुडघ्यावर पाणी असेल तर तिथूनच परत फिरायचं, कारण वर पाऊस झाला तर संध्याकाळी ते आणखी चढलेलं असेल. पुढे देवीचं छोटं देऊळ लागतं, मग मळलेली वाट, मध्ये मध्ये सिमेंटच्या आणि दगडी पायऱ्या. वाट चुकायला वाव नाही, पण धुकं असेल तर शॉर्टकट म्हणून ढोरवाटांवर शिरू नका.

पहिला तास मुद्दाम सावकाश चाला. चालता चालता बोलता येतंय का बघा, वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. सगळ्यात हळू चालणारा पुढे आणि अनुभवी शेवटी.

शिड्या तीन-चार ठिकाणी आहेत. खालून उभ्या दिसतात पण मजबूत आहेत, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. चढताना नजर हातावर आणि पुढच्या पायरीवर, तीन आधार पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. उतरताना तोंड शिडीकडे करा, सरळ जिन्यासारखं उतरायला जाऊ नका, ओल्या पायरीवरून टाच सटकते. पुढच्याचा पाय आपल्या डोक्यावर येईल इतकं चिकटून चढू नका. सेल्फीसाठी शिडीच्या मध्ये थांबणं म्हणजे खाली उभ्या असलेल्या पन्नास लोकांना लटकवून ठेवणं. पोंचो, म्हणजे अंगावर सैल टाकायचा रेनकोट, आणि छत्री शिडीवर नको, वाऱ्याने पोंचो तोंडावर येतो आणि समोरची पायरीच दिसत नाही, अंगाला घट्ट बसणारं रेनकोटचं जॅकेट घाला. कुणाला मध्येच भीती वाटून पाय गोठले तर ओरडू नका, त्याच्या खाली एक जण उभा राहून पाय कुठे ठेवायचा ते शांतपणे सांगत राहा. शिडीच्या खालीच नको वाटलं तर तिथून परत यायला काहीच हरकत नाही.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहिरीची सपाटी लागते. इथे थांबा, ओला शर्ट बदला, खा, आकाश बघा आणि मगच वर जायचं का ते ठरवा. माथ्यावर जागा कमी आहे, हा निर्णय इथेच घेतलेला बरा.

वर देवळात बूट काढून जा. कळसू ही कोळ्यांची मुलगी, रानात हिंडायची आवड, पायथ्याच्या इंदोऱ्यात एका घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. एक दिवस घरच्यांनी नेमकं तेच काम सांगितलं, तिने ते केलं आणि डोंगरावर निघून गेली ती कायमची. जिथे भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. इथल्या महादेव कोळी घरांची ती लेक आहे, आणि केर न काढण्याची अट घातलेल्या देवीच्या दारात आपण वेफर्सची पाकिटं टाकून येतो हे मला खरंच लागतं. एक रिकामी पिशवी न्या, आपला कचरा खाली आणा, दुसऱ्याची एखादी बाटलीही आणा.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन किल्ले शेजारी शेजारी, खाली भंडारदऱ्याचं पाणी, त्यापलीकडे रतनगड, आणखी लांब हरिश्चंद्रगड, दुसऱ्या अंगाला पट्टा, औंढा, बितनगड, उत्तरेकडे त्र्यंबकची रांग. पाऊण तास हे बघण्यात घालवा आणि उठा.

उतरताना

इथे घाई करू नका, अर्धा ट्रेक अजून बाकी आहे आणि पाय लटपटायला लागलेले असतात. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकवलेले, बारीक दगडमातीच्या घसाऱ्यावर पाय आडवा टाका. गोळा आला तर पाय ताणून पायाची बोटं स्वतःकडे ओढा आणि ओआरएसचे घोट घ्या. कुणी पडलं, हाड मोडल्यासारखं वाटलं तर उचलून पळत सुटू नका, हलवू नका, उबदार ठेवा, ११२ किंवा १०८ ला फोन लावा आणि दोघांना बारीत पाठवा, गावातली माणसं स्ट्रेचरसारखं काहीतरी करून ज्या सफाईने शिड्यांवरून माणूस उतरवतात ते शहरातल्या आपल्याला जमणारं नाही. निघण्याआधी घरी सांगून ठेवा की अमुक वाजेपर्यंत खाली आल्याचा फोन येईल, आणि तो विसरू नका.

बारीत आल्यावर बूट काढून पाय थंड पाण्यात सोडा, जेवा, आणि गाडी चालवणाऱ्याने निदान तासभर झोपल्याशिवाय कसारा घाटाकडे निघू नये. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतील, जिना उतरताना कठडा धरावा लागेल. झोपून राहू नका, सकाळी वीस मिनिटं सपाटीवर चाला, दुखणं हळूहळू उतरतं.